चित्रातल्या माणसाचा अंगठा

बायकोचं मन दुसऱ्या कुणावर तरी बसलंय, असा संशय ओरिन टॅकेटला साठी उलटल्यावर आला. या वयात असला संशय येणं हेच मुळात लाजिरवाणं, आणि त्यातून तो दुसरा माणूस म्हणजे भिंतीवर टांगलेलं चित्र! सांगायचं तरी कुणाला? नेवाडातल्या रूबी फोर्कमधले लोक एकदा हसायला लागले की वर्षभर थांबत नाहीत.

झालं होतं असं. गावच्या म्यूझियममध्ये यंदा काउबॉयवरचं प्रदर्शन आलं होतं. जुनी खोगिरं आणि गंजक्या बंदुकांचं नव्हे, ते तर तिथे बारमाही असतंच. हे आजकालच्या कलाकारांनी केलेलं, मोठमोठ्या शहरांतून फिरत आलेलं. ओरिनची बायको लेटा तिथे मंगळवारी आणि शनिवारी बिनपगारी देखरेखीला जायची. लोकांना कोट टांगायची जागा दाखव, पोरांना हात लावू देऊ नको, असलं काम. आधी ती जेवायला घरी यायची. मग संध्याकाळी यायला लागली. मग शुक्रवारीही जायला लागली. विचारलं तर म्हणाली, "ते मोठं चित्र आहे ना, त्याच्यासमोर बसते जरा. बरं वाटतं."

आता बरं वाटतं म्हणजे काय? इतक्या वर्षांच्या संसारात लेटाला कशाकशाने बरं वाटतं ते ओरिनला पाठ होतं. गरम पाण्यात पाय सोडून बसलं की, डब्यातले पेअर खाल्ले की, आणि त्याची बहीण यायची होती ती आली नाही की. चित्र त्यात कधीच नव्हतं.

त्यातून एका सकाळी तिने पलंगाखालची लहान बॅग ओढून बाहेर काढली.

"कुठे निघालीस?"

"प्रदर्शन इथून डेन्व्हरला जातंय. त्या चित्रकार बाईंनी मला उद्घाटनाला बोलावलंय. आठ-दहा दिवस राहीन, येईन परत."

"तुला? तुला कशाला बोलावलं?"

"शनिवारी त्यांचं भाषण आहे इथे. ये ऐकायला, कळेल," असं म्हणून लेटा बॅगेवरची धूळ झटकायला लागली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू ओरिनच्या ओळखीचं नव्हतं.

मग तो मंगळवारी दुपारी काम अर्धवट टाकून सरळ गावात गेला. अंगावर कामाचेच कपडे, बुटांना सकाळचं शेण. म्यूझियमच्या दारातून आत शिरताच एक गुलाबी काउबॉय उभा होता. दीड पुरुष उंच, पण डोकं नाही. मानेतून प्लास्टिकची फुलं उगवलेली. ओरिनने त्याला एक प्रदक्षिणा घातली. कमरेचा पट्टा, बूट, सगळं जिथल्या तिथे होतं, मग डोक्याने काय घोडं मारलं होतं कोण जाणे. पुढच्या खोलीत अंधार, आणि भिंतीवर सिनेमा चालू. एक माणूस पोहण्याच्या तलावात खोगिरावर बसून बुडत होता. वर यायचा, परत बुडायचा. आता काहीतरी होईल म्हणून ओरिन थांबला. काही झालं नाही. बुडणं चालूच राहिलं.

तेवढ्यात शहरातून आलेल्या दोन पोरी त्याच्याजवळ आल्या. दोघींच्या डोक्यावर कोऱ्या करकरीत काउबॉय टोप्या.

"काका, तुम्ही पण प्रदर्शनातलेच का?"

"नाही गं बाई. मी खरा आहे."

"अय्या! एक फोटो काढू? जरा लांब बघा ना. म्हणजे डोंगराकडे बघितल्यासारखं."

"डोंगर त्या अंगाला आहेत. ही संडासाची भिंत आहे."

"चालेल!"

आता पोरींना नाही कसं म्हणायचं? ओरिनने संडासाच्या भिंतीकडे डोंगरासारखं पाहिलं. "बापरे, किती एकटे दिसताय!" एक जण खूश होऊन म्हणाली, आणि मग तिला बुटांचा वास आला असावा, कारण नाकाला बाही लावून ती मागे सरली. एकटं दिसण्यात एवढं कौतुक करण्यासारखं काय आहे, हे ओरिनला घरी जाईपर्यंत कळलं नाही.

शेवटच्या खोलीत ते चित्र होतं. अख्खी भिंत व्यापलेलं. पांढरंशुभ्र बर्फ, वर जांभळं आकाश, आणि मधोमध घोड्यावर बसलेला एक माणूस, अर्धा पाठमोरा. टोपीच्या कडेखाली तोंड सावलीत गेलेलं. दोर ताणलेला, त्याच्या दुसऱ्या टोकाला बर्फात पाय रोवून उभी असलेली गाय. आणि समोरच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून, लेटा.

"आलास?" ती सरकून बसली. "बघ."

ओरिनने बघितलं. माणसाचं तोंड बघायची सवय त्याला नव्हतीच. पन्नास मैलांत दुसरं घर नाही अशा मुलखात माणूस लांबून ओळखायचा तो घोड्यावरून, खोगिरावरून आणि दोर कसा धरलाय त्यावरून. घोडा त्याने लगेच ओळखला. तांबडा, कपाळावरचा पांढरा पट्टा डाव्या डोळ्यावर ओघळलेला. तो डीकन होता, त्याचा स्वतःचा डीकन, मरून कितीतरी वर्षं झालेला. पण वरचा माणूस? टोपी या बाजूची नव्हती, असली उंच टोपी इथे कुणी घालत नाही. आणि दोराचं टोक खोगिराच्या शिंगाला, म्हणजे पुढच्या उभ्या खुंटीला, घट्ट गाठ मारून बांधलेलं होतं.

ही गाठ बघून तो जागच्या जागी थिजला. नेवाडातला गडी दोर बांधत नाही. जनावर फासात आलं की दोराचे वेटोळे शिंगाभोवती द्यायचे आणि टोक हातात धरायचं, म्हणजे प्रसंग आला तर सोडता येतं. टेक्सासवाले गाठ मारून मोकळे होतात. इकडचे त्यांना भित्रे म्हणतात, तिकडचे यांना पळपुटे म्हणतात, आणि हा वाद चर्चच्या पायरीवरसुद्धा हातघाईवर आलेला लोकांनी पाहिलाय. वेटोळ्यात बोट सापडतं ते इकडच्यांचंच, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य. ओरिनचा उजवा अंगठा असाच गेला होता, मुळापासून.

आणि चित्रातल्या माणसाचा अंगठा शाबूत होता. दोरावर टेकवलेला, चांगला गुटगुटीत, नखासकट.

"कोण आहे हा?" ओरिनने विचारलं.

लेटाने त्याच्याकडे वळून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुला नाही कळत?"

"तोंड कुठे दिसतंय?"

"तोंड कशाला लागतं?" ती म्हणाली, आणि परत चित्राकडे बघायला लागली. "तो हिवाळा, ओरिन. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हिवाळा होता तो."

तो हिवाळा? डीकन असतानाचा एकच हिवाळा लेटा 'तो' म्हणू शकत होती, अंगठा गेला तो. आणि तो तर ओरिनच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट हिवाळा होता.

"गुरांना चारा टाकायचाय," असं काहीतरी पुटपुटून तो बाहेर पडला.

चारा कुठला आलाय! तो गेला स्पेनकडून येऊन इथे वसलेल्या बास्क लोकांच्या खाणावळीत. तिथे लांब टेबलाच्या टोकाला त्याचा मित्र आन्सो ऊरिझार मटणाच्या रश्शात पाव बुडवत बसला होता. आन्सोचे आजोबा मेंढ्या घेऊन या खोऱ्यात आले होते. आन्सो मेंढ्यांवरून गुरांवर आला, पण जीभ आजोबांचीच राहिली.

"काय रे, कुणी मेलं का?" आन्सोने विचारलं.

ओरिनने सांगितलं. सगळं नाही, चित्राचं तेवढं सांगितलं. घोडा, टोपी, गाठ, अंगठा.

"मी पाहिलंय ते," आन्सो म्हणाला. "रॉयल प्रुइट आहे तो."

ओरिनच्या कपाळाला आठी पडली.

"अरे असं काय करतोस? तुझा अंगठा गेला तेव्हा मुकादमाने तुझ्या जागी टेक्सासवरून पोरगा नाही का आणला होता? उंच, गाणं म्हणणारा? गाठ मारायचा लेकाचा. डीकनवर पण तोच बसायचा, तू पडून होतास तेव्हा. आणि टोपी बघ ना, त्याच मुलखातली."

"मग त्याचं चित्र इथे कशाला?"

"मला काय विचारतोस? दिसायला बरा होता. बायका बघायच्या त्याच्याकडे." हे तोंडातून निघालं आणि आन्सोला आपण काय बोललो ते कळलं. त्याने पाव पुढे सरकवला. "खा. आणि हे बघ, तुझा अंगठा माझ्या कुत्र्याने खाल्ला नाही. परत शपथेवर सांगतो."

हा विनोद आन्सो पंचवीस वर्षं करत होता आणि ओरिन पंचवीस वर्षं हसत होता. आज हसला नाही.

आता ओरिनचं काय चुकलं सांगा. घोडा रॉयल चालवायचा, गाठ रॉयलची, अंगठा रॉयलला होता, हिवाळा तोच, आणि बायको म्हणते सगळ्यात चांगला! गाडी चालवत घरी येताना त्याने चारदा हिशेब मांडला आणि चारदा उत्तर तेच आलं. एक गोष्ट मात्र त्या हिशेबात खुपत होती. त्या हिवाळ्याच्या शेवटी शेवटी, हात बांधलेला असतानाच तो कामावर परत गेला होता. वेटोळे द्यायची वेळ आली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेवटी त्याने रॉयललाच विचारून घेतलं होतं गाठ कशी मारायची ते, आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. काही आठवडे, लांबच्या कुरणात, कुणी नसताना, ओरिन टॅकेट गाठ मारून गुरं धरत होता. ही गोष्ट त्याने आन्सोला सांगितली नव्हती, लेटाला सांगितली नव्हती, स्वतःलाही परत सांगितली नव्हती. पण ते कुणी पाहिलंच नव्हतं. आणि पाहिलं असतं तर त्याला कोबीच्या गड्ड्याएवढा बांधलेला हात दिसला असता. गुटगुटीत अंगठा नव्हे. तेव्हा तो विषय त्याने तिथेच सोडला.

पुढचे तीन दिवस त्याचं कशात लक्ष लागेना. चारचाकी घेऊन कुंपण बघायला गेला आणि कुंपण न बघताच परत आला. कुत्र्याला घोड्याच्या नावाने हाक मारली. घरात लेटा गुणगुणत बॅग भरत होती. तिने निळा ड्रेस ठेवला. चांगले बूट ठेवले. आठ-दहा दिवसांना चांगले बूट कशाला लागतात?

शुक्रवारी सकाळी कॉफी पिताना त्याने उगाच विचारल्यासारखं विचारलं, "त्या हिवाळ्यात असं काय चांगलं होतं?"

लेटा पाठमोरी होती. तिचे हात थांबले. "तुला खरंच आठवत नाही?"

"मला अंगठा गेलेला आठवतो."

"हं. तेवढंच आठवायचं तुला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण काहीतरी होतं. तिने कप धुतला, पुसला, परत धुतला.

सरळ विचारावं, असं त्याच्या मनात आलं. रॉयल प्रुइट, आणि तू. एवढंच तर विचारायचं होतं. पण 'हो' म्हणाली तर? मग काय करायचं? तू खुशाल जा म्हणायचं? कुठे जा, भिंतीत? त्याचं डोकं भणभणून गेलं. शेवटी तो टोपी उचलून बाहेर पडला, आणि गोठ्यात जाऊन विनाकारण उभा राहिला.

शनिवारी मात्र तो गेला. पांढरा शर्ट घातला, लग्नाकार्याचा, साध्या बटणांचा. एरवी त्याचे सगळे शर्ट टिचबटणांचे, दाबलं की लागतं, अंगठा लागत नाही. साधी बटणं लावायची म्हणजे जीव जातो. खालची लावली कशीबशी, गळ्याचं काही केल्या लागेना. तसंच उघडं ठेवून तो आन्सोशेजारी मागच्या रांगेत जाऊन बसला. लेटा दाराशी कोट घेत उभी होती. त्याला बघून तिचा चेहरा असा उजळला की ओरिन आणखीच गोंधळात पडला.

चित्रकार बाईंचं नाव थिया व्हॉस. बारीक कापलेले केस, नखांत रंग, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "मला सगळे विचारतात, अजून काउबॉयच का? आता तर निम्मं काम यंत्रं करतात. मला वाटतं, तो एकटा असतो म्हणून. त्याला कुणाची गरज लागत नाही. आपल्या सगळ्यांना सारखं कुणीतरी लागतं, आणि त्याचा आपल्याला कंटाळा येतो. मग आपण त्याच्याकडे बघत बसतो."

लोकांनी माना डोलावल्या. गुलाबी काउबॉयबद्दल कुणीतरी काहीतरी विचारलं. मग ओरिन उभा राहिला. आन्सोने त्याची बाही खाली ओढली, "बस रे, बस!" पण आता उशीर झाला होता.

"बाई, त्या मोठ्या चित्रातला माणूस कोण?"

"नाव मला माहीत नाही," थियाबाई म्हणाल्या. "इथल्या घराघरांतून जुने फोटो मागवले होते, त्यातला एक आहे. ज्यांनी दिला त्यांनी नाव सांगितलं नाही. आणि खरं सांगू का, तो पूर्ण कुणीच नाही. टोपी मी दुसऱ्या फोटोतली घेतली. आकाश न्यू मेक्सिकोतलं आहे."

लोक हसले. ओरिन हसला नाही. "आणि दोर?"

"दोर आहे तसाच ठेवला. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून हात नाही लावला."

झालं. म्हणजे गाठ खरी. ओरिनचे कान तापले. समोरच्या रांगेतली माणसं मान वळवून त्याच्याकडे बघायला लागली होती, पण आता विचारायचं ते विचारूनच खाली बसायचं होतं.

"आणि तो हात? हात पण त्या माणसाचाच का?"

"हात माझा," बाई म्हणाल्या. "म्हणजे मी मनाने काढला. फोटोत हाताला कसलं तरी फडकं गुंडाळलेलं होतं. निळ्या चौकटींचं, स्वयंपाकघरात असतं ना, भांडी पुसायचं, तसलं. एवढ्या बर्फात, एवढ्या एकट्या माणसाच्या हाताला ते फारच घरगुती दिसायला लागलं. मग काढून टाकलं, आणि साधा हात काढला."

निळ्या चौकटींचं.

डॉक्टरांनी बांधलेली पट्टी शेणाने आणि तेलाने घाण व्हायची, म्हणून लेटा रोज सकाळी त्यावर धुतलेलं फडकं गुंडाळायची. दोन फडकी होती, आलटून पालटून. निळ्या चौकटींची. ओरिनला ती डोळ्यांसमोर दिसली, चुलीजवळ दोरीवर वाळत घातलेली.

"काका? तुम्हाला आणखी काही विचारायचंय का?"

"नाही," ओरिन म्हणाला. "नाही, नाही." आणि खाली बसायच्या ऐवजी तो रांगेतून लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर आला आणि थेट दाराशी गेला. लेटाच्या हातात कुणाचा तरी कोट होता. तो तिच्या हातातून काढून त्याने खुर्चीवर टाकला आणि तिला बाहेरच्या दालनात बिनडोक्या गुलाबी काउबॉयजवळ नेलं.

"मी आहे तो?"

"मग कोण?" लेटा म्हणाली. "मी घोडागाडीतून चारा टाकत होते, कॅमेरा नवा होता. लांबून काढला. म्हटलं, तुझं तुला ओळखू येतंय का बघू. इतके दिवस वाट बघतेय! आलास, बघितलंस, आणि म्हणे कोण आहे हा!"

"त्याला अंगठा आहे!"

"ते मलाही आवडलं नाही. पण बाकी सगळा तूच आहेस ना?"

ओरिनने मान खाली घातली. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे तुला गाठीचं माहीत होतं?"

"ओरिन, आपल्या स्वयंपाकघराची खिडकी फाटकाकडे आहे. रोज संध्याकाळी तू फाटकापाशी थांबायचास आणि दातांनी गाठ सोडायचास. बर्फ पडत असलं तरी. मी आत सूप ढवळत बघायचे. म्हणायचे, आज तरी तशीच बांधलेली घेऊन घरी येईल. एकदाही आला नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या कष्टाने लपवत होतास. म्हटलं, लपवू दे."

त्याला बसावंसं वाटलं, पण जवळपास खुर्ची नव्हती. "मला वाटलं, रॉयल आहे."

"कोण रॉयल?"

"प्रुइट. टेक्सासवाला."

लेटा त्याच्याकडे बघतच राहिली. आधी तिला काही कळलं नाही. मग कळलं, आणि ती हसायला लागली. मग ओरिनचा चेहरा बघून थांबली. "अरे देवा! म्हणून तीन दिवस कुत्र्याला डीकन म्हणत होतास? तो रॉयल? त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास यायचा!"

"तुला कसं माहीत?"

"अख्ख्या घराला यायचा, मूर्खा! जेवायला येऊन बसायचा ना!"

आतून टाळ्या ऐकू आल्या. भाषण संपलं असावं. ओरिनला सगळं कळलं होतं आणि तरी काहीच कळलं नव्हतं. "पण मग त्या हिवाळ्यात चांगलं काय होतं, लेटा? मी भेदरलेला होतो. कामाचा नव्हतो. धड चमचा धरता येत नव्हता मला."

लेटाचे डोळे भरून आले होते.

"सकाळी तू माझ्यासमोर उभा राहायचास," ती म्हणाली. "शर्ट उघडा. मी बटणं लावायचे, खालून वर. तू छताकडे बघायचास. चिडलेला असायचास, पण उभा राहायचास. इतक्या वर्षांत तेवढ्याच दिवसांत तुला माझी गरज लागली. मग वसंत आला आणि तू गावात जाऊन गठ्ठाभर टिचबटणांचे शर्ट घेऊन आलास. केवढा खूश होतास! म्हणालास, बघ, आता तुला त्रास नाही." तिने नाक पुसलं. "चांगले होते शर्ट. मी काय बोलणार?"

शर्ट घेऊन आला तो दिवस ओरिनला लख्ख आठवत होता. लेटा तेव्हा 'छान आहेत' म्हणाली होती आणि घडी घालायला लागली होती. तिच्यावरचा भार कमी केला, असं समजून तो इतकी वर्षं मनात शाबासकी घेत होता.

त्याने हनुवटी वर केली. छताकडे बघितलं.

"गळ्याचं लागत नाहीये," तो म्हणाला. "लाव."

लेटाने बटण लावलं. एका क्षणाचं काम, पण तिने वेळ घेतला. कॉलर सरळ केली, खांद्यावरचा केस उचलला, परत कॉलर सरळ केली.

"आणि ती बॅग लहान आहे," ओरिन छताकडे बघतच म्हणाला. "मोठी काढ. दोघांचे कपडे तिच्यात मावायचे नाहीत."

तेवढ्यात थियाबाई बाहेर आल्या. मागे आन्सो होता, आणि त्याने काय काय सांगितलं असेल ते बाईंच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. त्यांनी ओरिनच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"टॅकेट, मला माफ करा. मला खरंच कल्पना नव्हती. डेन्व्हरला न्यायच्या आधी मी हात बदलून देते. अंगठा काढून टाकते. फडकंही घालते, निळ्या चौकटींचं. दोन दिवसांचं काम आहे."

"घालाच," आन्सो म्हणाला. "आणि खाली कोपऱ्यात माझं कुत्रं काढा."

लेटा ओरिनकडे बघत होती.

ओरिन शेवटच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. आत आता कुणी नव्हतं. बर्फ तेवढंच होतं, आकाश तेवढंच जांभळं. तो माणूस डीकनवर बसून, गाईला दोर लावून, कुठेच निघाला नव्हता. चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरिनने नीट शोधलं. फाटक नव्हतं. घर नव्हतं. खिडकी नव्हती.

"नको," तो परत येऊन म्हणाला. "राहू दे त्याला अंगठा."

"पण तो खरा नाहीये ना," थियाबाई म्हणाल्या.

"नसू दे," ओरिन म्हणाला. "त्याची बटणं लावायला तिथे कोण आहे?"